ग्री ग्रीचा काळा कडा: सह्याद्री घडवणारी आग मॉरिशसपर्यंत कशी आली

मॉरिशस म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते निळं-हिरवं संथ पाणी, पांढरी वाळू आणि दूरवर फेसाची एक लांबलचक रेघ. ती रेघ दिसते तिथे पाण्याखाली प्रवाळाची भिंत असते. मोकळ्या समुद्रातून आलेल्या लाटा तिच्यावर फुटतात आणि किनाऱ्याशी उरतं ते कमरेएवढं शांत पाणी, लहान मुलांनाही खेळता येईल असं. ही भिंत जवळजवळ सगळ्या बेटाला वेढून आहे. दक्षिणेला सुयाक नावाच्या गावापाशी मात्र ती नाही, आणि तिथे समुद्र थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतो. या जागेचं नाव ग्री ग्री.

मॉरिशसला जाऊन आलेल्या बऱ्याच मराठी मंडळींनी ग्री ग्री पाहिलेलं असतं. बेटाचा दक्षिण भाग दाखवणाऱ्या सहलीत गंगा तलाव, शामारेलची सात रंगांची माती आणि मधे कुठेतरी ग्री ग्री, असा क्रम ठरलेला असतो. गाडी थांबते, वाऱ्यात केस सावरत फोटो होतात आणि गाडी पुढे निघते. कड्याच्या कडेने पुढे जाणारी पायवाट तशीच राहून जाते. ही वाट जेमतेम सहाशे मीटरची आहे आणि ‘ला रोश की प्लर’ म्हणजे ‘रडणारा खडक’ या टोकाशी संपते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की फोटोंची दहा मिनिटं कमी करा, पण ही वाट चाला. मराठी माणसाने तर सह्याद्री मनात ठेवून चालावी. या कड्याचा दगड आणि रायगडाचा, कळसूबाईचा दगड बहुधा एकाच आगीतून आलेला आहे. दोघांच्या वयात मात्र कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे.

पायाखालचा दगड वाचायचा कसा

ग्री ग्रीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, कोकणात किनाऱ्यालगत लावलेली असतात त्याच जातीची. ती मागे पडली की मोकळं माळरान लागतं. खाऱ्या वाऱ्यामुळे गवत जमिनीलगतच वाढतं, सावली नावाला नाही, आणि गवत संपतं तिथे दगड उघडा पडतो.

तो दगड काळा, जड आणि बारीक कणांचा आहे. हा बेसाल्ट. आपल्याकडे गवंडी ज्याला काळवत्री म्हणतात तोच. लाव्हा जमिनीवर येऊन भराभर थंड झाला की त्यातल्या खनिजांना मोठे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून कण डोळ्यांना दिसू नयेत इतके बारीक राहतात. हाच शिलारस जमिनीखाली लाखो वर्षं मुरत थंड झाला असता तर त्याचा भरड दाण्यांचा, चकाकणारा दगड झाला असता.

जरा वाकून पाहिलं तर दगडात मुगाएवढी, वाटाण्याएवढी भोकं दिसतात. खोल जमिनीत प्रचंड दाबाखाली लाव्हात वायू विरघळलेले असतात. वर येताना दाब उतरतो, वायू बुडबुडे होऊन सुटतात, आणि सगळे बुडबुडे बाहेर पडण्याआधीच दगड गोठला तर त्यांच्या जागा पोकळ्या म्हणून उरतात. इथल्या पोकळ्या बहुतेक रिकाम्या आहेत. महाराष्ट्रातल्या बेसाल्टमध्येही अशा पोकळ्या होत्या, पण त्यातून कोट्यवधी वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि त्या पाण्यातून खनिजं साकळून पोकळ्या भरत गेल्या. पुणे, नाशिक, जळगाव या भागांत विहीर किंवा खाण खोदताना काळ्या दगडात जे पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक सापडतात ते हेच. वाघोलीच्या खाणींमधला निळा कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्रहालयांत गेला आहे. मॉरिशसचा दगड त्या मानाने फारच तरुण आहे. बेटावरच्या सर्वांत जुन्या खडकांचं वय साधारण ९० लाख वर्षं आहे. मधे मोठी विश्रांती घेऊन ज्वालामुखी पुन्हा जागे झाले आणि नंतरच्या लाव्हाने बेटाचा बहुतेक पृष्ठभाग झाकून टाकला. सुयाकचा कडा या नंतरच्या थरांमधला.

दगडातल्या भेगाही पाहण्यासारख्या आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना ताण पडतो, आणि ताण सर्व बाजूंनी सारखा असेल तर पाच-सहा बाजूंचे उभे खांब सुटे होतात. सुयाकच्या जवळच आत रोचेस्टर धबधबा आहे, तिथे असे खांब ओळीने दिसतात. मुंबईकरांना ते पाहायला मॉरिशस गाठायची गरज नाही. अंधेरीची गिल्बर्ट हिल याच जातीची आहे, सुमारे ६० मीटर उंच, आणि आज चारही बाजूंनी इमारतींनी वेढलेली.

आग एका जागी, जमीन सरकती

आता मूळ प्रश्न. महाराष्ट्र आणि मॉरिशस यांच्या मधे सारा हिंदी महासागर पसरलेला असताना दोन्हीकडचा दगड एका आगीतला कसा?

पृथ्वीचं कवच एकसंध नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते वर्षाला काही सेंटिमीटर सरकत असतात. बहुतेक ज्वालामुखी या तुकड्यांच्या कडांवर आढळतात, म्हणजे जिथे दोन तुकडे एकमेकांपासून दूर जातात किंवा एक दुसऱ्याखाली शिरतो तिथे. पण काही ज्वालामुखी अशा कडांपासून खूप दूर, तुकड्याच्या ऐन मध्यावर आहेत. हवाई बेटं तशी आहेत आणि मॉरिशसच्या शेजारचं रियुनियनही तसंच. याचं सर्वांत जास्त स्वीकारलं गेलेलं स्पष्टीकरण असं की कवचाखाली फार खोलवरून तप्त खडकाचा एक स्तंभ अतिशय सावकाश वर चढत असतो. तो खडक वितळलेला नसतो, घन असतो. पण जसजसा वर येतो तसतसा त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब उतरला की तोच खडक पूर्वीपेक्षा कमी तापमानाला वितळू लागतो. आणखी उष्णता द्यावी लागत नाही, दाब उतरणं पुरतं. असा वितळलेला खडक कवच फोडून वर येतो त्या जागेला हॉटस्पॉट म्हणतात.

शिलाई मशीनची सुई एकाच जागी वर-खाली होत राहते, सरकतं ते कापड, आणि टाक्यांची ओळ उमटते ती कापडावर. हॉटस्पॉट ही सुई आणि कवचाचा तुकडा हे कापड असं धरलं तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं. ही सुई अगदी खिळलेली नाही, तीही थोडी हलते, पण कापडाच्या मानाने फारच कमी.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या सुईवर भारत होता. तेव्हा जमिनीतल्या भेगांमधून लाव्हाचे पूर आले, एकावर एक थर साचत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. आज झीज होऊनही ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे आणि सह्याद्रीत काही ठिकाणी थरांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. पुढच्या कुठल्याही टप्प्यावर इतका लाव्हा आला नाही. स्तंभ पहिल्यांदा कवचाला येऊन भिडतो तेव्हा त्याचं माथ्याकडचं टोक खूप रुंद असतं, मागून येणारा देठ बारीक असतो, असं याचं कारण दिलं जातं.

त्या काळी महाराष्ट्र विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे दगडच सांगतो. बेसाल्टमध्ये लोहयुक्त चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होत असताना हे कण त्या ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडतात आणि मग ती तशीच गोठून राहते. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा विषुववृत्तावर आडव्या असतात आणि ध्रुवांकडे जावं तशा जास्त तिरक्या होत जातात. म्हणून दगडात गोठलेला तिरकेपणा मोजला की तो दगड कुठल्या अक्षांशावर थंड झाला हे काढता येतं. दख्खनच्या दगडांतून मिळालेलं उत्तर दक्षिण गोलार्धातलं आहे. भारत त्यानंतर उत्तरेकडे निघाला, वर्षाला १५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने. कवचाच्या तुकड्यासाठी हा वेग विलक्षण आहे. आशियाला धडकल्यावर तो मंदावला आणि आज वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटरवर आला आहे.

कापड उत्तरेकडे सरकत होतं आणि टाके दक्षिणेकडे पडत होते. नकाशात पाहा, महाराष्ट्राच्या खाली लक्षद्वीप, त्याखाली मालदीव, त्याखाली चागोस, असा जवळजवळ सरळ पट्टा दिसेल. ही सगळी बेटं आज प्रवाळाची आहेत, पण प्रवाळ ज्या डोंगररांगेच्या माथ्यावर वाढलं ती पाण्याखालची रांग आहे. १९८७ मध्ये समुद्रतळाला भोकं पाडून नमुने काढणारं ‘जॉइडस रेझोल्यूशन’ हे संशोधन जहाज मुद्दाम या पट्ट्यावर काम करायला गेलं आणि त्याची ती सफर सुरू झाली मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरातून. प्रवाळाखालचा बेसाल्ट त्यांनी वर काढला. त्याचं वय मालदीवपाशी सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षं भरलं आणि चागोसपाशी सुमारे ४ कोटी ९० लाख. दक्षिणेकडे जावं तसा दगड तरुण होत गेला. टाक्यांच्या ओळीत हेच दिसायला हवं होतं.

चागोसनंतर ओळ तुटल्यासारखी दिसते, आणि इथे नकाशा नीट पाहावा लागतो. हिंदी महासागराच्या मधोमध एक लांब भेग आहे. तिच्यातून नवा समुद्रतळ तयार होतो आणि तिच्या दोन बाजूंचे तळ एकमेकांपासून दूर जात राहतात. ही भेग स्वतःही सरकत असते. चागोस तयार झाल्यानंतर ती हॉटस्पॉटच्या डोक्यावरून सरकून पलीकडे गेली. त्यामुळे सुईखाली भारताऐवजी आफ्रिकेकडचा तुकडा आला. पुढचे टाके त्या दुसऱ्या कापडावर पडले आणि मग दोन्ही कापडं एकमेकांपासून लांब गेली. भेगेच्या पलीकडे, मॉरिशसच्या उत्तरेला पाण्याखाली जे मोठं पठार आहे, तिथे याच सफरीत सुमारे ३ कोटी ३० लाख वर्षांचा बेसाल्ट मिळाला. मग मॉरिशस, आणि सर्वांत शेवटी सुमारे २० लाख वर्षांचं रियुनियन.

सुई आज रियुनियनखाली आहे. तिथला पितों द ला फूर्नेझ हा जगातल्या सर्वांत जास्त वेळा जागा होणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक. एप्रिल २००७ मध्ये त्याच्या उद्रेकात लाव्हा वाहत समुद्राला मिळाला आणि शिखरावरच्या विवराचा तळ खचून तीनशे मीटरहून जास्त खाली बसला. रियुनियन मॉरिशसपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. ग्री ग्रीच्या कड्यावर उभे असताना एवढ्या अंतरावर, आपल्या राजगड-तोरण्याचा दगड बनवणारी भट्टी अजून पेटलेली आहे, ही गोष्ट मला कुठल्याही प्रेक्षणीय स्थळापेक्षा मोठी वाटते.

मी ‘बहुधा एकाच आगीतून’ असं म्हटलं ते जपून. हे चित्र सर्वांना मान्य नाही. आयआयटी मुंबईतले भूशास्त्रज्ञ हेतू शेठ यांनी दख्खनच्या लाव्हामागे खोलवरून आलेला स्तंभ होता या कल्पनेलाच सविस्तर आव्हान दिलं आहे. कवच ताणलं जाऊन आधीपासून कमकुवत असलेल्या जागी फाटलं तरी लाव्हा येऊ शकतो, असा या बाजूचा युक्तिवाद आहे. दगडांची वयं क्रमाने लागतात यावर फारसा वाद नाही, वाद आहे तो त्यामागच्या यंत्रणेचा.

बेटापेक्षा कितीतरी जुने कण

मॉरिशसच्या दगडाने अभ्यासकांना आणखी एक धक्का दिला आहे. झिरकॉन हे खनिज अतिशय चिवट. त्यात युरेनियम असतं, ते ठरावीक गतीने शिशात बदलतं, म्हणून दोन्हींचं प्रमाण मोजून कणाचं वय काढता येतं. २०१३ मध्ये मॉरिशसच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत शंभर-दोनशे कोटी वर्षांच्या घरातले झिरकॉन सापडल्याचं जाहीर झालं. ९० लाख वर्षांच्या बेटावर इतके जुने कण कुठून आले? वाऱ्याने आले असतील, माणसांनी आणलेल्या मातीतून आले असतील, अशा शंका निघाल्या. मग २०१७ मध्ये लुईस अ‍ॅशवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळू सोडून खुद्द ज्वालामुखीच्या खडकातून झिरकॉन वेगळे केले, आणि ते २५० ते ३०० कोटी वर्षांचे निघाले. खडकाच्या पोटात वाऱ्याने कण जात नाहीत.

याचा अर्थ लाव्हा वर येताना वाटेत एका प्राचीन खंडाच्या तुकड्यातून आला आणि त्याचे कण सोबत घेऊन आला. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून सुटले तेव्हा मधल्या जमिनीच्या चिंध्या झाल्या आणि त्यातली एक आता मॉरिशसच्या लाव्हाखाली दडली आहे. अभ्यासकांनी तिला मॉरिशिया हे नाव दिलं आहे. सेशेल्सची ग्रॅनाइटची बेटं हा अशाच फाटाफुटीत सुटलेला, पण पाण्यावर राहिलेला तुकडा.

इथे प्रवाळ का नाही आणि लाट एवढी का

प्रवाळाला सूर्यप्रकाश लागतो, म्हणून उथळ तळ लागतो. पाणी खारं आणि स्वच्छ लागतं. नदी गोडं पाणी आणि गाळ घेऊन समुद्राला मिळते तिथे प्रवाळाची भिंत तुटते, आणि सुयाकलाही नदीचं मुख आहे. त्यात हा किनारा मोकळ्या समुद्राला सरळ सामोरा. ग्री ग्रीपासून थेट दक्षिणेला निघालं तर अंटार्क्टिकापर्यंत मधे जमीन लागत नाही.

बेट बुडत जातं आणि प्रवाळ वर वाढत राहतं, त्यातून शेवटी कंकणासारखी नुसती प्रवाळबेटं उरतात, हा विचार चार्ल्स डार्विनने मांडला. १८३६ च्या एप्रिल-मेमध्ये तो मॉरिशसला येऊन गेला होता. मालदीव आज ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेकडे मॉरिशसही जाणार आहे. सुईवरून दूर गेलेला तळ थंड होतो, जड होतो आणि खचत जातो.

लाटांकडे जरा जास्त वेळ पाहावं. कोकणात वाढलेला माणूस किनाऱ्यावर गेला की आधी भरती-ओहोटी पाहतो, आणि ते बरोबरच आहे. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. मॉरिशसमध्ये भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटर. त्यामुळे ‘आता ओहोटी आहे, चला खडकावर उतरू’ हा कोकणातला हिशेब इथे उपयोगाचा नाही. इथला धोका वेगळ्या ठिकाणाहून येतो.

दक्षिण महासागरात चाळीस-पन्नास अंश अक्षांशांवर बाराही महिने वादळं घोंघावत असतात. तिथे उठलेल्या लाटा वादळ सोडून दूरवर निघतात. जवळच्या वाऱ्याने उठलेली लाट पाच-सात सेकंदांनी येते, या दुरून आलेल्या लाटा पंधरा-सोळा सेकंदांच्या अंतराने येतात. दोन लाटांमधलं अंतर जितकं जास्त तितकी लाट वेगवान आणि तितकी तिची हालचाल पाण्यात खोलवर पोचलेली. सोळा सेकंदांच्या लाटांची ऊर्जा खोल समुद्रात ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने पुढे जाते, म्हणजे अडीच-तीन हजार किलोमीटर कापायला तिला दोन-तीन दिवस लागतात. तोवर ते वादळ कुठल्या कुठे गेलेलं असतं. म्हणून ग्री ग्रीला आकाश स्वच्छ, वारा मंद आणि तरी लाटा प्रचंड, असं होऊ शकतं. याच लाटा पुढे विषुववृत्त ओलांडून केरळच्या किनाऱ्यावरही पोचतात. तिथले मच्छीमार त्यांना ‘कल्लक्कडल’ म्हणतात आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्यांचे इशारे देते.

या लाटा गटागटाने येतात. थोड्या वेगळ्या अंतराच्या लाटा एकत्र प्रवास करताना त्यांचे माथे काही वेळ जुळतात, काही वेळ एकमेकांना मारतात. म्हणून दहा मिनिटं सगळं शांत वाटतं आणि मग लागोपाठ चार-पाच लाटा आधीपेक्षा कितीतरी वर चढतात. खडकावरून माणूस ओढला जातो तो अशा वेळी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. डोंगराच्या घळीतून पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या बेसाल्टवर यायचं, खाऱ्या पाण्याने जाळी पडलेला दगड पाहत वळसा घालायचा, ही वाट सुंदर आहे आणि तिथे लाटेने माणसं गेलीही आहेत.

कडा मागे सरकतो

बेसाल्ट कठीण, पण त्याच्या भेगा त्याला महागात पडतात. लाट आदळते तेव्हा भेगेतली हवा क्षणात दाबली जाते आणि लाट मागे हटताच ती फसकन मोकळी होते. दिवसाला हजारो वेळा असं घडलं की भेगांमधले ठोकळे एकेक करून निखळतात. पायथा पोखरला जातो, गुहा होते, गुहेचं छत पडतं आणि कडा काही हात मागे येतो. गुहेच्या छताला भोक पडलं तर प्रत्येक लाटेसरशी तिथून पाण्याचा फवारा उडतो. याच किनाऱ्यावर पूर्वेला ‘ल सुफ्लर’ नावाचं असं ठिकाण आहे. तिथलं पाणी एके काळी फार उंच उडायचं, पण झिजून भोक मोठं झालं आणि जोर ओसरला. त्याच बाजूला ‘पों नातुरेल’ म्हणजे नैसर्गिक पूल आहे, छत पडलं आणि मधली कमान तेवढी उरली असा.

वाटेच्या शेवटचा रडणारा खडक म्हणजे कड्याचंच पुढे आलेलं टोक. लाट त्यावर चढते आणि उतरताना पाणी कंगोऱ्यांवरून ओघळत राहतं. समुद्र जोरात असला तरच हे रडणं नीट दिसतं. स्थानिक लोकांना या खडकात कवी रॉबर्ट एडवर्ड हार्ट (१८९१–१९५४) यांचा चेहरा दिसतो. हार्ट सुयाकला राहत. त्यांचं ‘ला नेफ’ हे प्रवाळाच्या दगडाचं घर आता संग्रहालय आहे, आणि ग्री ग्रीला येताना ते वाटेतच लागतं.

उसाच्या शेतातले दगड

सुयाकहून परतताना उसाच्या शेतांमधे काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात, काही तर घराएवढे उंच. लाव्हाची जमीन म्हणजे दगडांची जमीन. ते वेचून बाजूला रचल्याशिवाय ऊस लावता येत नव्हता. हे काम आधी गुलामांनी केलं आणि १८३४ पासून पुढे करारावर आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांनी. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजं निघत, आणि त्यांत रत्नागिरी, सातारा अशा भागांतली माणसं होती. हे मजूर पोर्ट लुईसला ज्या धक्क्यावर उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. त्या मराठी माणसांच्या वंशजांनी भाषा आणि सण टिकवले. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि कोकणातलं जाखडी नृत्य तिथे आजही होतं.

सह्याद्रीच्या कुशीत काळ्या दगडांचे बांध घालणारी माणसं समुद्रापार गेली आणि तिथेही त्यांच्या हाताला तोच दगड लागला. त्यांच्या कष्टांचं जे लिहून ठेवलं गेलं ते बरंचसं मळेवाल्यांच्या आणि सरकारच्या नोंदवह्यांत. हे ढीग त्यांनी आणि त्यांच्या आधी राबलेल्या गुलामांनी स्वतः रचले. ते कुणी रस्ते-इमारतींसाठी उचलून न्यायच्या आत नीट नोंदले जावेत असं मला मनापासून वाटतं.

जाणार असाल तर

मे ते ऑक्टोबर हे तिथले थंडीचे महिने. हवा छान असते, पण आग्नेयेकडून येणारा वारा आणि दक्षिणेच्या लाटा याच काळात जोरात असतात. म्हणजे पाहायला उत्तम आणि जपून राहायलाही. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत उकाडा असतो आणि चक्रीवादळांची शक्यता. वाट सपाट आहे, म्हाताऱ्या माणसांनाही जमेल, पण घसरड्या चपला नकोत. डोक्यावर टोपी आणि सोबत पाणी असू द्या.

पोहायला इथे उतरू नका. धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत, आणि आत ओढणाऱ्या प्रवाहासमोर पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. रडणाऱ्या खडकाजवळ पोचल्यावर लगेच पुढे जाऊ नका. पंधरा-वीस मिनिटं मागे गवतावर बसा आणि सर्वांत मोठी लाट कुठवर येते ते पाहा. दगड जिथवर ओला आणि गडद दिसतो त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबा. मुलांचा हात सोडू नका, आणि फोटो काढताना समुद्राकडे पाठ करू नका.

वेळ उरला तर त्याच दिवशी रोचेस्टर धबधब्याला जा आणि दगडाचे खांब जवळून पाहा. शामारेलची रंगीत मातीही मग वेगळी दिसेल. तीही मुळात बेसाल्टच, उष्ण दमट हवेत कुजून लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगं मागे राहिलेला. रत्नागिरीचा जांभा साधारण याच रीतीने झाला.